वंशावळ पणजोबांपाशी येऊन अडते तेव्हा

तक्रार नेहमी एकच असते. वडील, आजोबा, पणजोबा इथपर्यंत नावं पटापट येतात. त्याच्या वर रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेच्याही वर थेट 'मूळ पुरुष', जो कुठूनतरी घोड्यावर बसून आला आणि ज्याला कोणीतरी गाव इनाम दिलं. मधल्या दीडदोनशे वर्षांबद्दल विचारलं की घरातली मोठी माणसं चहाचा विषय काढतात.

सगळ्यांचं गाडं याच ठिकाणी अडतं याला कारण आहे. श्राद्धात नावं घेतली जातात ती तीन पिढ्यांची: पिता, पितामह, प्रपितामह. चौथ्याचं नाव घ्यायची वेळ येत नाही, म्हणून ते कोणी पाठ करत नाही. ज्यांच्या घरी हा विधी होत नाही त्यांच्याकडेही साधारण तेवढंच टिकतं. आजोबांच्या तोंडून त्यांच्या वडिलांचं नाव कानावर पडलेलं असतं, त्यापुढचं विचारायचं सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा आजोबा नसतात.

म्हणजे आठवण संपते तिथून कागदांनी हात द्यायला हवा. कागदच राहिले नाहीत, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव असा की कागद बऱ्याचदा असतात, आपण चुकीची खूण घेऊन त्यांच्याकडे जातो. आपण नाव घेऊन जातो. आणि जुन्या मराठी दप्तरात नावाइतकी फसवी खूण दुसरी नाही. गाव हलत नाही, शेत हलत नाही, शेताच्या बांधाला बांध असलेला शेजारी सहसा हलत नाही. माणसाला या खुणांवरून शोधलं की तो सापडतो. खाली मी जे सांगतोय त्यातला बराचसा भाग याच एका गोष्टीभोवती फिरतो.

एकशेसात वर्षं जगलेला माणूस

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारी चूक ही. आमच्याच घरची सांगतो. खरी नावं नकोत, सोयीसाठी राणोजी आणि तुकोजी म्हणू.

आमच्याकडे १८७१ सालचं एक गहाणखत होतं. लिहून देणार राणोजी बिन तुकोजी, वय वर्षे अजमासे ४०, धंदा शेती. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. दुसरा कागद फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदल्याचा: राणोजी बिन तुकोजी १९३८ साली मयत, वारस अमुक अमुक. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच. मी दोन्ही कागद एकाच माणसाच्या नावावर चढवले आणि पुढे गेलो. दोन वर्षं ती नोंद तशीच होती. एका भाच्याने वजाबाकी केली तेव्हा कळलं की हा गृहस्थ एकशेसात वर्षं जगला. त्यावर घरातल्या ज्येष्ठांचं म्हणणं काय, तर "जुनी माणसं, घरच्या तुपावर वाढलेली."

मग १९०९चं एक खरेदीखत हाती लागलं. त्यात राणोजी बिन तुकोजी, वय वर्षे २८. तुपाचा प्रश्न मिटला. दोन राणोजी होते, आजोबा आणि नातू. वारलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे तुकोजी, राणोजी, तुकोजी, राणोजी अशी नावं एकाआड एक फिरत राहतात. 'बिन' पाहूनही उपयोग होत नाही, कारण दोघांचेही बाप तुकोजीच. मी दोन राणोजींचा एक केला होता आणि मधला तुकोजी सबंध गिळून टाकला होता. म्हणजे पिढ्या कमी भरत होत्या, आणि मी मात्र 'वरचं काही मिळत नाही' म्हणून रडत होतो.

तुमच्या वहीत असं झालंय का, हे तपासायला फार काही लागत नाही. प्रत्येक माणसासमोर पहिल्या आणि शेवटच्या कागदाचं साल लिहा. मधलं अंतर साठ वर्षांहून जास्त असेल तर संशय घ्या. बाप-मुलाच्या वयात पन्नासच्या पुढे अंतर दिसलं तरी घ्या. मग दोन्ही कागदांत नाव सोडून बाकी काय काय जुळतं ते बघा: बायकोचं नाव, भावांची नावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चतुःसीमा. जुन्या खतात 'पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा' असं लिहिलेलं असतं ते आपण कायद्याची वटवट म्हणून सोडून देतो. ती वटवट नाही. वाटण्या होऊन शेतं लागून पडतात, त्यामुळे चार दिशांपैकी एकदोन नावं हमखास भाऊबंदांची असतात. आमच्या १८७१च्या खतात उत्तरेला ज्याचं शेत होतं, तो पहिल्या राणोजीचा चुलतभाऊ निघाला.

खतातलं वय पक्कं धरू नका. 'अजमासे' हा शब्द तिथे शोभेला नसतो. लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाकडे बघून आकडा टाकलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा शून्यावर किंवा पाचावर संपतो. चाळीस म्हणजे पस्तीस ते पंचेचाळीस.

"सातबाऱ्यावर काहीच नाही"

सातबारा आजची परिस्थिती सांगतो. इतिहास फेरफारात असतो. हाताने लिहिलेला जुना सातबारा काढा आणि नावांच्या आजूबाजूला बघा: वर्तुळात आकडे असतील. ते फेरफार क्रमांक. ज्या नावाला कंस केलाय त्याचा हक्क संपला, आणि का संपला ते त्या क्रमांकाच्या फेरफारात लिहिलेलं असतं. फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना ६. एक क्रमांक धरून मागच्या क्रमांकावर, तिथून आणखी मागे, असं जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि त्यानंतर गावोगाव टप्प्याटप्प्याने ही वही सुरू झाली, तेव्हा या वाटेने साधारण तिथपर्यंत पोचता येतं. अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, म्हणजे निम्मं काम घरबसल्या होतं. उरलेल्या निम्म्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या आहेतच.

इथे अडकायच्या जागा तीन, आणि त्यातली पहिली सगळ्यांना गाठते.

साखळी मागे नेता नेता एके दिवशी गट नंबरच संपतो. त्याच्या आधीच्या वर्षी त्या नंबरचं शेत गावात नाहीच. घाबरू नका. १९४७च्या कायद्याने जमिनीच्या एकत्रीकरणाची योजना आली, गावागावात ती वेगवेगळ्या वर्षी लागू झाली, आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला याची पत्रकं तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. ती नक्कल हातात आल्याशिवाय पुढे जाऊच नका. कोणी तोंडी सांगितलं की 'तुमचा गट म्हणजे जुना बत्तीस नंबर', तरी नक्कल घ्या. मी तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवून तीन महिने दुसऱ्याच कुळाचे पूर्वज जमवले. छान लोक होते, पण आमचे नव्हते.

दुसरी जागा संक्षेपांची. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप वारल्यावर थोरल्या मुलाचं नाव लागलं, बाकीचे भाऊ घरात आहेत पण कागदावर नाहीत. हे न कळल्यामुळे कित्येकांच्या वंशावळीत पिढ्यान्‌पिढ्या एकुलते एक मुलगे दिसतात. एका गावात चार घरांना एकच आडनाव असताना एकुलते एक मुलगे कुठून आले, हा प्रश्न पडायला हवा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मुलगा त्या वर्षी सज्ञान नव्हता, सांभाळणारी आई किंवा चुलता कोण तेही लिहिलेलं असतं. जन्माचं साल शोधणाऱ्याला यापेक्षा चांगला दुवा मिळत नाही.

तिसरी, बायका. १९५६च्या आधीच्या वारस नोंदीत मुली बहुधा नसतात, विधवा असते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वारस म्हणून येऊ लागल्या, आणि त्या सासरच्या नावानिशी येतात. म्हणजे कोणती आत्या कोणत्या घरी दिली हे एका फेरफारात कळतं. त्याच्या मागोमागचा फेरफार बहुतेक वेळा हक्कसोडाचा असतो, बहिणींनी भावांच्या नावे सोडून दिल्याचा. त्यावर काय वाटायचं ते वाटो, पण तो कागद जपून ठेवा. बहिणींची नावं सगळी एकत्र आणि त्यांची गावं, असं दुसरीकडे कुठेही मिळत नाही. जुन्या कागदात 'गंगाबाई कोम राणोजी' असं दिसलं तर कोम म्हणजे बायको. 'मर्द' किंवा 'भ्रतार' आलं तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं.

मराठवाड्यातल्या वाचकांनी हे सगळं जरा बदलून वाचावं. तिथे निजामाचं महसूल खातं होतं, जुने कागद उर्दूतही असतात, आणि सगळे सुरुवातीला हात घालतात तो १९५४च्या खासरा पत्रकाला, म्हणजे शेतवार नोंदींच्या पत्रकाला. विदर्भात मध्य प्रांताची पद्धत होती, नमुन्यांची नावं वेगळी. तहसिलीत जाऊन 'फेरफार द्या' म्हणण्याआधी तुमच्या भागात त्या काळी कोणाचं राज्य होतं ते बघून जा.

कोतवाल बुकात नाव सापडत नाही

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची वही. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येईपर्यंत खेड्यातली नोंद या वहीत होत असे. लोक पणजोबांचं नाव घेऊन ती चाळतात आणि हात हलवत परत येतात.

नाव सापडणारच नाही. नोंद जन्मानंतर लगेच व्हायची, बारसं व्हायच्या आत. त्यामुळे रकान्यात बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी', बस्स. शोधायचं ते बापाच्या नावाने. अंदाजे सालाच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं धरून त्या बापाची सगळी मुलं उतरवून घ्या. मग मृत्यूची पानंही तशीच चाळा, कारण त्यातली दोनतीन मुलं तिथे पुन्हा भेटतील. हे काम जड जातं, आधीच सांगून ठेवतो. एकाच आडव्या रेघेत 'मुलगी, वय ८ महिने, ताप' असं वाचताना वही बंद करावीशी वाटते. पण जी मुलं जगली ती कोणती, हे त्यावरूनच ठरतं.

शाळेचं जनरल रजिस्टर मात्र नाव देतं, शिवाय जन्मगाव आणि आधीची शाळा. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी दिलेली समजा. शाळा जूनमध्ये सुरू, मूल पहिलीत बसवायचं, तारीख कोणाला माहीत नाही, लावली १ जून. महाराष्ट्रात एका पिढीची निम्मी माणसं त्या दिवशी जन्मली की काय असं वाटावं इतकी ती तारीख भेटते. साल साधारण खरं धरायला हरकत नाही, तेही एकदोन वर्षं इकडेतिकडे.

'अभिलेख आढळून येत नाही'

नकलेच्या अर्जाला हे उत्तर आलं की लोक फाइल बंद करतात. मी ते उत्तर 'प्रश्न नीट विचारा' असं वाचतो. 'आमच्या घराण्याच्या जुन्या नोंदी मिळाव्यात' अशा अर्जावर रेकॉर्ड रूममधला माणूस काय शोधणार? त्याच्यासमोर कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे असतात, गावाप्रमाणे आणि नमुन्याप्रमाणे. अर्जही तसाच हवा: मौजे अमुक, तालुका अमुक, गाव नमुना १४, सन १९०५ ते १९१५. एका अर्जात एक नमुना. असा अर्ज केला की त्याच खिडकीवरून नक्कल मिळते, हे मी स्वतः पाहिलंय. एकदा तर त्याच माणसाकडून, जो आधी मान वर करून बघत नव्हता.

तरीही नाही आलं तर जिल्हा तपासा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८पर्यंत धुळ्यात, पालघर २०१४पर्यंत ठाण्यात. गाव नव्या जिल्ह्यात गेलं म्हणून जुना प्रत्येक गठ्ठा त्याच्याबरोबर गेलाच असेल असं नाही. तालुकेही बदललेत. गाव कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली गेलं असेल तर मूळ गावाचं नाव धरा. पुनर्वसनाच्या गावठाणाचं नाव घेऊन गेलात तर त्याच्या आधीचं दप्तर कोणी काढून देणार नाही.

परदेशातल्या लोकांना शिरगणतीच्या घरोघरच्या याद्या बघायला मिळतात, आपल्याकडे का नाहीत, असं बरेच जण विचारतात. १९४८च्या जनगणना कायद्याने त्या गोपनीय आहेत, तो नाद सोडा. पण १९५१च्या जनगणनेवरून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार झालं होतं, आणि काही तहसिलींत ते अजून आहे. ते मात्र आवर्जून विचारा. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे आणि असे कितीतरी विसरलेले गठ्ठे बाहेर निघाले, अनेक जिल्हा प्रशासनांनी त्यांची पानं आपापल्या संकेतस्थळावर टाकली. तुमचा त्या नोंदींशी संबंध असो नसो, तुमच्या तालुक्यात कोणते नमुने कोणत्या सालापासून शिल्लक आहेत हे त्या याद्यांवरून फुकटात कळतं.

मोडी, आणि सालांचा गोंधळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मागे गेलात की मोडी येणार. काही गावांत त्याच्या बऱ्याच नंतरपर्यंतही. शिकायला घ्या, पण सगळं वाचता येण्याची वाट बघत बसू नका. आपल्या आडनावाची, गावाची आणि चारपाच पूर्वजांच्या नावांची मोडी वळणं ओळखायला शिका, पानावर ती दिसली की तेवढं पान जाणकाराला द्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द एकमेकांना चिकटवून लिहितात, त्यामुळे दोन शब्दांमधली फट शोधत बसलात तर डोळे जातील. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, तिथे ओळखीही होतात. त्या वर्गापेक्षा जास्त उपयोगाच्या ठरतात.

साल वाचताना ते कोणतं साल आहे हे आधी ठरवा. शकात ७८ मिळवा. पण महिना पौष, माघ, फाल्गुन असेल आणि इंग्रजी वर्ष उलटलं असेल तर ७९. शके १८०० माघ म्हणजे १८७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धातला कागद असेल तर ५९१. पेशवाईतल्या कागदावर आकडा नसून 'इसन्ने तिसैन मया व अलफ' असं काही दिसलं तर ते अरबी आकडे आहेत: दोन, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१, म्हणजे १७९१-९२. हे वर्षही मृगाला बदलतं. फसलीला शक समजलात तर पूर्वज पाचशे वर्षं मागे जातो, आणि ते निदान लगेच कळतं. ७८ ऐवजी ७९ करायचं राहिलं तर मात्र वर्षाचा फरक कायम बोकांडी बसतो आणि बाप मेल्यावर दीड वर्षाने मुलगा जन्मतो.

आडनाव लागत नाही

कारण त्या काळी ते लिहितच नसत. माणूस, बाप, गाव, एवढ्यावर काम भागायचं. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही कामाची नावं. त्यांच्या मागे मूळ आडनाव वेगळं असू शकतं आणि ते एखाद्या भाऊबंदाकडे अजून चालू असतं. गाव सोडून गेलेल्याला नव्या गावात जुन्या गावाचं नाव 'कर' लावून चिकटलं. मूळ गावात तुम्ही 'कर' शोधाल तर सापडणार नाही, तिथे सगळेच ते 'कर' होते. लग्न जुळवताना विचारतात ते कूळ, देवक आणि कुलदैवत हे आडनावापेक्षा जास्त पिढ्या टिकतं. दोन घरांचं आडनाव वेगळं आणि लग्नसंबंध मात्र होत नाहीत, असं घरात ऐकलंत तर त्या घराकडे जाऊन बसा.

इनामदार-वतनदार घराण्यांना एक सोय आहे. १८५२पासून इनाम कमिशनने इनामांची चौकशी केली, हक्क सिद्ध करायला वंशावळी द्याव्या लागल्या, आणि ते दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. पण हक्क सिद्ध करायला दिलेली वंशावळ ही हक्क सिद्ध करण्यापुरतीच खरी असते. ज्याला वाटा द्यायचा नाही तो भाऊ त्यात निपुत्रिक वारलेला असू शकतो.

"मला नाही बाई आठवत"

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये. साल शाळेत गेलेल्यांना आठवतं. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठे होतीस?" असं विचारा. १९६७चा डिसेंबर, पहाटेची वेळ, कडेवर कोण होतं हे तिला नक्की आठवतं. बाहत्तरचा दुष्काळ, गांधीवधानंतरची जाळपोळ, मराठवाड्यात रझाकार आणि पोलीस ॲक्शन, अशा खुंट्या ठोकून घ्या आणि एकेक माणूस आधी की नंतर असं विचारत जा.

तिथी विचारताना एक फसगत होते. 'पणजोबांची नवमी' असं कळलं की लोक तारीख काढायला बसतात. पितृपक्षात जी तिथी धरतात तीवरून महिना कळत नाही आणि पक्षही कळत नाही, फक्त नवमी कळते. वर्षश्राद्ध कधी करायचे ते विचारा, त्यात महिना आणि पक्ष दोन्ही येतात.

आणि माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढा. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर ठोक्यांनी नाव घालायची पद्धत होती. आमच्या आजीचं माहेर कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. चिंचेने घासलेल्या एका घंगाळाच्या काठावर बारीक ठिपक्यांत तिच्या मामाचं नाव, गाव आणि १२-५-३४ अशी तारीख निघाली. सहा महिने मी तहसिलीत जे शोधत होतो ते न्हाणीघरात उलटं पडलं होतं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्या हा वेगळाच खजिना, आणि त्यांतली मांडणी गावावरून असल्यामुळे मूळ गाव माहीत असेल तरच पान निघतं. तिथली नोंद आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली असते, म्हणून बाप, आजा, भाऊ, मुलं यांच्याबाबत ती भरवशाची. त्याच्या वरच्या पिढ्या त्यालाही ऐकूनच माहीत होत्या. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी दारात येतात, तोंडाने पिढ्या म्हणतात. त्यांना परत पाठवू नका, रेकॉर्डिंग करा.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी हे सगळं वाचून काय करायचं, हा रास्त प्रश्न आहे. अर्धं दप्तर जमिनीभोवती उभं आहे. त्यांच्यासाठी कोतवाल बुक, शाळा आणि उपाध्यांच्या वह्या हेच मुख्य. बलुत्याची किंवा महारवतनाची जमीन असेल तर १९५८च्या कायद्याने खालच्या दर्जाची मानलेली गावची वतनं खालसा झाली तेव्हाचे फेरफार मोलाचे, कारण त्या वेळी वतनात कोणाकोणाचा हिस्सा होता ते लिहावं लागलं.

आमचा मधला तुकोजी शेवटी कुठे सापडला ते सांगायचं राहिलं. ज्या चुलत घराशी आमचं तीस वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्या ट्रंकेत. त्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांवर वाटणीचा दिवाणी दावा लावला होता, आणि वाटणीच्या दाव्यात अर्जालाच वंशवृक्ष जोडावा लागतो. वादी-प्रतिवादी दोघांनीही तो मान्य केलेला. पहिला राणोजी, त्याखाली तुकोजी आणि त्याचा धाकटा भाऊ, तुकोजीखाली आमचा राणोजी, सगळं एका पानावर रेघा मारून. भाऊबंदकीने घराचं वाटोळं होतं म्हणतात, पण वंशावळ शोधणाऱ्याला भाऊबंदकीसारखा आधार नाही. फक्त ट्रंक उघडून घ्यायला आधी बोलणं सुरू करावं लागतं. मी पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि कागद दाखवायला आणखी दोन महिने लावले.

पहिल्या राणोजीच्या बायकोचं नाव अजून नाही. एका जुन्या खतावर ती आहे, पण नेमकी तिथेच वाळवी लागलीय आणि सुरुवातीची अक्षरं गेलीत. उरलंय ते एवढंच: '...बाई कोम राणोजी'. पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला जाणार आहे, उपाध्यांना गावाचं नाव कळवून ठेवलंय.